पहिली ओळ

वायदोतासने फळ्यावर चार नावं लिहिली
आणि खडू खिशात टाकला.
पहिली ओळ कोरीच.

सहा हिवाळे तिथे माझं नाव होतं.
सामना संपला की तो ते बाहीनंच पुसायचा,
नि दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहायचा.

मंगळवारी माझा गुडघा गेला.
ओलं सरपण मोडताना येतो तसा आवाज,
आतल्या आत, फक्त मला ऐकू आलेला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नऊ महिने.
पस्तिशीतल्या पॉइंट गार्डचे नऊ महिने म्हणजे किती,
ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

उरलास तू, मांतविदास.
एकोणीस वर्षांचा, मानेवर पुरळ.
आई चीजच्या कारखान्यात रात्रपाळीला,
तुझ्या पिशवीलासुद्धा निवळीचा आंबूस वास.
उतेनाच्या सामन्यात अकरा मिनिटांत
सात वेळा चेंडू देऊन बसलास.
एकदा तर सरळ पंचाच्या हातात.
परतीच्या बसमध्ये कुणी हसलं नाही.
हसले असते तर निदान तुला झोप लागली असती.

आणि मी? खिडकीला डोकं टेकून बसलो होतो.
खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटलं होतं.

बुधवारी हॉलमागे, कचऱ्याच्या डब्यांजवळ,
मी गाडीत युर्गाची वाट बघत होतो,
कुबड्या मागच्या सीटवर आडव्या.
बाहेर उणे चौदा.
तू उजवा हात मफलरनं कमरेला बांधला होतास
आणि एकट्या डाव्यानं
दाबलेल्या बर्फावर चेंडू आपटत होतास.
थंडीत चेंडूचा जीव जातो.
कमरेपर्यंत यायचा तो नडगीपर्यंत येईना.
तू त्याला शिव्या दिल्या नाहीस.
वाकलास.
आणखी वाकलास.
तो जेवढा उठत होता तेवढाच झालास.

काच खाली करून दोन शब्द सांगायचे होते:
कोपर आत.
मला हे सांगायला कुणी नव्हतं,
चार वर्षं गेली होती कळायला.
काच धुक्यानं भरत गेली.
मी पुसली नाही.

शुक्रवारी वायदोतासने खडू बाहेर काढला.
तुझं नाव लांब.
माझ्या जागेत मावेना,
शेवटची दोन अक्षरं फळ्याच्या कडेला खाली वळली.
तू वळून माझ्याकडे बघितलंस,
चोरी पकडल्यासारखा.

हॉल भरलेला. ढोल.
लसूण लावून तळलेल्या काळ्या पावाचा वास.
पहिलाच चेंडू तू मधली रेघ ओलांडून आणलास,
मूठ वर केलीस,
स्कीरमांतास भलत्याच बाजूला धावला
आणि पास गेला जाहिरातीच्या पाटीवर.
तू बेंचकडे पाहिलंस.
कोचकडे नाही. माझ्याकडे.
मी कुबडीच्या टोकाचं रबर बघत बसलो,
जणू त्यावर काही लिहिलंय.

म्हणून दुसऱ्या खेपेला तू कुणाकडेच बघितलं नाहीस.
त्यांचा दाढीवाला गार्ड तुला डावीकडे रेटत होता,
त्यालाही माहीत होतं, गावालाही माहीत होतं.
तू वाकलास.
चेंडू नडगीएवढा, त्या बर्फावरच्यासारखा,
त्याचा हात वरून गेला, नुसती हवा घेऊन.
स्कीरमांतासच्या पंजात चेंडू कधी पोचला
हे मलाही दिसलं नाही.
मला,
ज्यानं तोच पास दोन हजार वेळा दिलाय.

माझं तोंड म्हणालं, कोपर आत.
ढोलात विरलं.

रात्री गाडी चालवताना युर्गानं विचारलं,
कसा खेळला पोरगा?
मी निकाल सांगितला नाही, तिला तो ठाऊकच होता.
म्हटलं, कोपर बाहेर राहतं त्याचं.
सांगितलंस त्याला?
वायपर दोनदा गेला, आला.
सोमवारी, म्हटलं.
सोमवारी लवकर जाईन म्हणतो.